रोबेर-हुदँचं घर: घड्याळजीच्या हाताने बांधलेलं, जादूगाराच्या डोक्याने चालवलेलं

१८६७ मध्ये झाँ-युजेन रोबेर-हुदँ या फ्रेंच जादूगाराने एक छोटीशी पुस्तिका छापली. तिच्यात जादूचा एकही प्रयोग नाही, आख्खी पुस्तिका त्याच्या राहत्या घराबद्दल आहे. घराचं नाव ल प्रियुरे, ब्लोआ शहराला लागून असलेल्या सँ-जेर्वे गावात. फाटक कसं उघडतं, पत्रं आली हे अंथरुणात पडल्यापडल्या कसं कळतं, घोडीला चंदी कोण घालतं, घरातली सगळी घड्याळं एकच वेळ कशी दाखवतात, असं सगळं त्यात आहे. आजही या घराबद्दल कुठे काही आलं की 'विक्षिप्त जादूगाराचं अजब घर' असाच सूर असतो आणि मला तो पटत नाही, कारण त्या घरातली एकेक गोष्ट कुठून आली हे शोधायला गेलं की ती त्याच्या आधीच्या चाळीस-पन्नास वर्षांत कुठेतरी सापडतेच. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

रोबेर-हुदँ जन्मला ब्लोआमध्येच, डिसेंबर १८०५ मध्ये. वडील प्रोस्पेर रोबेर घड्याळजी होते आणि गावात त्यांचं नाव होतं, पण बहुतेक कारागीर बापांसारखंच त्यांनाही वाटायचं की पोराने हात काळे करू नयेत, शिकून साहेब व्हावं, म्हणून त्याला ऑर्लेआँला शाळेत घातलं आणि नंतर एका नोटरीच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटवलं. तिथे कागद नकलायचं काम. पोराचं लक्ष मात्र तिथल्या पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यावर! पिंजऱ्यात त्याने छोटे छोटे यांत्रिक खटके बसवले, पक्षी हलले की ते चालायचे. मालकाने हे बघितलं आणि वडिलांना समजावलं की हा मुलगा कागदावर बसणारा नाही, याला घड्याळाच्या कामाला लावा. मग एका चुलतभावाकडे तो घड्याळाचं काम शिकायला लागला.

जादूत कसा शिरला त्याची गोष्ट त्याने स्वतः आठवणींत लिहून ठेवलीय. त्याला बेर्थूचा घड्याळशास्त्रावरचा ग्रंथ हवा होता, दुकानदाराने घाईत दुसरेच दोन खंड बांधून दिले, घरी येऊन उघडतो तर विज्ञानातल्या गमती आणि हातचलाखीचे प्रयोग, आणि ते वाचायला बसला तो बसलाच. ही गोष्ट शंभर टक्के तशीच घडली की सांगताना थोडी रंगली, त्यात मी पडत नाही. पण पुढचं आयुष्य बघता घड्याळ आणि जादू या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी वेगळ्या झाल्याच नाहीत, हे नक्की.

१८३० मध्ये पॅरिसच्या झाक हुदँ या घड्याळजीच्या मुलीशी, सेसिलशी त्याचं लग्न झालं. सासऱ्याचं आडनाव त्याने आपल्याला जोडून घेतलं, तेव्हापासून तो रोबेर-हुदँ. पॅरिसला आल्यावर सासऱ्याच्या कारखान्यात काम, आणि बाजूला स्वतःचे उद्योग. याच काळातलं त्याचं गूढ घड्याळ बघण्यासारखं आहे. काचेची तबकडी, तिच्यावर काटे, खाली काचेचाच खांब, सगळं आरपार दिसतंय आणि कुठेच चाक नाही, तरी काटे बरोबर फिरतायत. मेख अशी की तबकडीत एकामागे एक दोन काचा असतात आणि त्यातली एक अख्खी काच फिरते, तिला कडेने दात असतात आणि ते दात धातूच्या गोल चौकटीत लपलेले. खांबही तसाच, बाहेरची नळी स्थिर आणि आतली काच फिरते, आणि खरं यंत्र खालच्या बैठकीत. म्हणजे जी वस्तू तुम्हाला स्थिर वाटते तीच हलत असते! काच फिरली तरी ती फिरतेय हे डोळ्याला कळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सगळं उभं आहे.

मग यांत्रिक बाहुल्या. १८४४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने लिहिणारी आणि चित्रं काढणारी बाहुली ठेवली, राजा लुई-फिलिपने ती बघितली, रौप्यपदक मिळालं आणि नंतर बार्नम या अमेरिकेतल्या खेळ-तमाशे भरवणाऱ्या माणसाने ती विकत घेतली. या सगळ्या काळात घरी मात्र वाईट दिवस होते, सेसिल १८४३ मध्ये गेली, लहान मुलं पदरात. पुढे त्याने ओलँप ब्राकोनिए हिच्याशी दुसरं लग्न केलं.

३ जुलै १८४५ ला पॅरिसच्या पॅले-रॉयालमध्ये त्याचं स्वतःचं छोटं थिएटर उघडलं, साधारण दोनशे खुर्च्यांचं. तोपर्यंत जादूगार म्हणजे लांब झगा, टोकदार टोपी, टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं कापड आणि खाली लपलेला मदतनीस. रोबेर-हुदँ संध्याकाळच्या पार्टीला घालायचा साधा काळा सूट घालून यायचा, स्टेज एखाद्या घरातल्या दिवाणखान्यासारखं आणि फर्निचर हलकं, खाली बघायला मोकळं. लपवायची जागाच दिसत नाही, आणि म्हणूनच लोक जास्त चक्रावायचे. संत्र्याच्या झाडाला बघता बघता फुलं येणं, त्यातली फळं तोडून प्रेक्षकांना देणं, मुलगा एमिल डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेला आणि बाप लोकांकडून ज्या वस्तू घेईल त्या त्याने ओळखणं, हे सगळं तिथलं.

१८४७ चा अधांतरीचा प्रयोग तर त्या माणसाचं डोकं कसं चालायचं याचा उत्तम नमुना. ईथर देऊन ऑपरेशन करायची बातमी १८४६ च्या शेवटी बॉस्टनहून जगभर गेली होती, पॅरिसमध्ये जो तो ईथरबद्दल बोलत होता. याने लगेच सांगायला सुरुवात केली की ईथर जास्त दिलं की शरीर हलकं होतं, मुलाच्या नाकाशी बाटली धरायचा आणि मग मुलगा एका काठीवर नुसतं कोपर टेकवून हवेत आडवा. बाटलीत ईथर नसायचंच, पण आत पडद्यामागे तापलेल्या लोखंडी फावड्यावर खरं ईथर ओतत, म्हणजे वास थिएटरभर जायचा आणि लोकांची खात्री पटायची. लोखंडी आधाराची युक्ती वेगळी, ती आहेच, पण खरी जादू त्या वासाची होती असं मला वाटतं. पुढे घरातही त्याने हेच केलंय, माणसाला एक गोष्ट जाणवू द्यायची आणि कारण भलतीकडे ठेवायचं.

आता विजेकडे येऊ, कारण घराची सगळी मदार तिच्यावर. १८०० मध्ये व्होल्टाने बॅटरी केली, १८२० मध्ये अर्स्टेडला दिसलं की तारेतून वीज गेली की शेजारची होकायंत्राची सुई हलते, १८२५ मध्ये स्टर्जनने विद्युतचुंबक, म्हणजे भोवतीच्या तारेतून वीज सोडली की चुंबक होणारं लोखंड, बनवला, १८३६ मध्ये डॅनियलची बॅटरी आली जी बराच वेळ एकसारखी चालायची, आणि १८४० च्या आसपास इंग्लंडमध्ये व्हीटस्टोन आणि बेन या दोघांनी विजेवर चालणारी घड्याळं काढली. फ्रान्समध्ये तारयंत्र सामान्य लोकांना वापरायला मिळालं ते थेट १८५१ मध्ये. म्हणजे रोबेर-हुदँ जेव्हा स्टेजवर विद्युतचुंबक वापरत होता तेव्हा समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो शब्दही ऐकलेला नव्हता. त्याची 'हलकी आणि जड पेटी' त्यावरच चालायची. लहान पोरगं उचलेल अशी पेटी, तळाला लोखंड, जमिनीखाली विद्युतचुंबक, आत कुणीतरी सर्किट जोडलं की धडधाकट पैलवानालाही ती हलत नाही.

हीच पेटी त्याने १८५६ मध्ये अल्जीरियात नेली. फ्रेंच सरकारनेच त्याला पाठवलं होतं, तिथले मराबूत, म्हणजे मुस्लिम साधुपुरुष, चमत्कार दाखवून लोकांना फ्रेंचांविरुद्ध उठवतात, तेव्हा आमचा माणूस त्यांच्यापेक्षा मोठे चमत्कार करतो हे दाखवायचं होतं. तिथे त्याने पेटीला विजेचा झटकाही जोडला, उचलायला आलेला माणूस ओरडून खाली बसला. त्याचे चरित्रकार हे प्रकरण मोठ्या कौतुकाने सांगतात, पण दुसऱ्याचा देश दाबून ठेवायला विज्ञान असं लपवून वापरणं मला बघवत नाही. या माणसाबद्दल मला कितीही प्रेम असलं तरी हा डाग आहेच.

थिएटर त्याने १८५२ मध्येच मेहुण्याच्या, हॅमिल्टनच्या हाती दिलं होतं आणि स्वतः गावाकडे आला होता. वय पन्नाशीलाही पोचलेलं नव्हतं. लोकांना वाटलं निवृत्त झाला, पण प्रत्यक्षात त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा काळ इथेच सुरू झाला. पॅरिसच्या देतूश या घड्याळवाल्याबरोबर त्याने विजेची घड्याळं काढली, १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या कामाबद्दल पदक मिळवलं. त्या काळच्या विद्युतचुंबकात एक खोट होती, लोखंड लांब असताना ओढ अगदी कमी आणि जवळ आलं की एकदम जास्त, त्यामुळे यंत्राला हिसका बसायचा. रोबेर-हुदँने तरफांची अशी जोडणी काढली की ओढ सगळ्या अंतरात साधारण सारखी वाटली जाईल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेकडो मीटर लांबून, अशक्त बॅटरीवर एखादा खटका भरवशाने हलवायचा असेल तर अशा जोडणीचा किती उपयोग होतो ते काम करणाऱ्यालाच कळतं.

तर आता घर.

फाटक घरापासून साधारण ४०० मीटर लांब. दारावर त्याच्या नावाची पितळी पाटी, खाली छोटी ठोकणी आणि 'ठोका' अशी सूचना. पाहुण्याने ठोकणी अगदी हळू उचलली तरी तिकडे घरात मोठ्याने घंटा वाजायला लागायची आणि वाजत राहायची, जोवर नोकर येऊन बटण दाबत नाही. बटण दाबलं की फाटकाची कडी सुटायची आणि त्याच वेळी नावाची पाटी गायब होऊन तिच्या जागी 'आत या' अशी पाटी यायची. पाहुण्याला कुणीही दिसलेलं नाही, कुणी हाक मारलेली नाही, आणि पाटी त्याला आत बोलावतेय. त्या काळातल्या माणसाची काय अवस्था होत असेल! स्टेजवरची सगळी शिस्त इथे आहे, फक्त प्रेक्षक एकच.

पण मला जास्त आवडतो तो याच्या पुढचा भाग. दार उघडताना एका ठराविक कोनात दोनदा आणि बंद होताना परत दोनदा घरात टोला पडायचा. एकटा माणूस आत आला तर चार टोले एका ठराविक लयीत, दोघंतिघं आले तर लय बदलते, कारण पहिला दार धरून ठेवतो, दुसरा ते अर्धवट ढकलतो. नेहमीचा माणूस बिनधास्त उघडतो, नवखा बिचकत, काही मागायला आलेला तर आणखीच हळू. घरात बसून, नुसत्या टोल्यांच्या चालीवरून कोण येतंय, किती जण येतायत याचा अंदाज, आणि पाहुण्याला ४०० मीटर चालायला वेळ लागतो तोवर तयारी करायला सवड. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एमिलच्या प्रयोगातही मुळात हेच होतं ना, बाकीच्यांना साधी वाटणारी गोष्ट ऐकायची आणि तिच्यातून माहिती काढायची.

पत्रपेटीचंही तसंच. झडप हलली की घरात टोला. पोस्टमनला सांगून ठेवलेलं की आधी वर्तमानपत्रं आणि छापील कागद सगळे एकत्र टाक, मग पत्रं एकेक करून टाक. सकाळी अंथरुणातच मोजून कळायचं आज पत्रं किती. आणि उलट, घरातून पत्रं पाठवायची असतील तर रात्रीच एक खटका फिरवून ठेवायचा, मग पोस्टमनने झडप उघडली की टोला घरात न पडता तिथेच त्याच्या कानाशी पडायचा, म्हणजे त्याने समजायचं की वर येऊन पत्रं न्यायचीत. एकाच तारेवर दोन्हीकडचा निरोप!

घड्याळांचं मुख्य यंत्र त्याच्या अभ्यासिकेत, तिथून तारा बाकीच्या घड्याळांना, एक मोठी तबकडी घराच्या दर्शनी भागावर, एक माळ्याच्या घरावर. तासाचे टोले द्यायला मोठी घंटा हवी आणि तिला वजनाचं यंत्र हवं, ते वजन रोज वर चढवायचं कुणी? याने स्वयंपाकघराचं ये-जा करायचं स्प्रिंगचं दार त्या यंत्राला जोडून टाकलं. नोकर दिवसभर ताटं घेऊन आत-बाहेर करतायत आणि प्रत्येक वेळी वजन थोडं वर चढतंय, त्यांना पत्ताही नाही. फुकट जाणारी हालचाल कुठे आहे हे शोधायची ही नजर अस्सल घड्याळजीची.

अभ्यासिकेतून तो घड्याळं पुढेमागेही करू शकायचा. भूक लवकर लागली तर बटण दाबून घरातली सगळी वेळ थोडी पुढे, स्वयंपाकीणबाईंना वाटायचं आज वेळ कशी भुर्रकन गेली, आणि जेवण टेबलावर. रात्रीतून यंत्र परत खऱ्या वेळेवर यायचं. सकाळी माळ्याला उठवायची घंटाही अशीच, ती उशाशी बंद होत नाही, अंथरुणातून उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बटण दाबावं लागतं, तोवर माणूस जागा झालेला.

घोडीचं नाव फॅनी. तबेला घरापासून जरा लांब, आणि आधीच्या मोतद्दाराला ओटची चंदी परस्पर विकायची सवय लागलेली. मग अभ्यासिकेतलं घड्याळ दिवसातून तीनदा वीज सोडायचं आणि तबेल्यातल्या नरसाळ्यासारख्या पेटीतून मोजका दाणा गव्हाणीत पडायचा. दार बाहेरून कुलूपबंद असेल तरच दाणा पडणार, म्हणजे आत कुणी लपून बसायची सोय नाही, आणि घोडीचं खाऊन व्हायच्या आत कुणी दार उघडलं तर घरात घंटा. प्रत्येक पळवाट आधीच बघून ठेवलेली, कारण प्रेक्षक कुठून कुठून बघेल याचा विचार करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. काचघरातही तसंच, तिथलं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तार अभ्यासिकेत कळवायची, आणि सकाळी मालक माळ्याला सांगायचा की झाँ, काल रात्री ऊब कमी पडली, माझी जिरेनियम मरतील. माळी थक्क, कारण मालक तिकडे फिरकलेलाच नसायचा. शिवाय खोल्यांमध्ये आग लागली तर उष्णतेने वाजणारी घंटा, आणि रात्री ठराविक वेळेपासून सकाळपर्यंत कुठलंही दार उघडलं तर वाजणारी घंटा. आज आपण फायर अलार्म आणि चोराचा अलार्म म्हणतो ते दोन्ही. आणि बाहेर बागेत एक घळ होती तिथे एक बाक, त्यावर बसलं की बाकच माणसाला घेऊन पलीकडच्या काठाला जायचा.

हे सगळं वाचताना एक गोष्ट सलत राहते. सोयी सगळ्या मालकाच्या आणि नजर सगळी नोकरांवर. स्वयंपाकीण, माळी, मोतद्दार यांना न सांगता त्यांच्या हालचालींतून काम करून घेणं आणि माहिती काढणं, हा या घराचा पायाच आहे. स्टेजवर न सांगणं हा करार असतो, तिकीट काढून आलेल्या माणसाला फसायचंच असतं, पण रोज भांडी घासणाऱ्या बाईने असला करार कधी केला होता? घरातल्या वस्तू माणसांवर लक्ष ठेवतात ही तक्रार हल्ली फार ऐकू येते, पण घराघरात वीज यायच्याही आधी हे सुरू झालेलं होतं. न्यूयॉर्कमधलं एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ चं, आणि प्रियुरेतलं सगळं त्याच्याही बरंच आधी, बॅटरीच्या भांड्यांवर चाललेलं. ती भांडी सतत साफ करायची, जस्त झिजलं की बदलायचं, तारा तपासायच्या. एवढी यंत्रणा रोज चालू ठेवणं हे ती बसवण्यापेक्षा कमी काम नव्हतं, त्यामुळे निवृत्ती वगैरे म्हणण्यात काही अर्थ नाही.

शेवटच्या काही वर्षांत तो डोळ्याच्या अभ्यासाकडे वळला होता, स्वतःच्याच डोळ्याच्या आतलं बघता येईल असं उपकरण त्याने केलं, आणि १८६८ मध्ये जादूच्या तंत्रावरचा मोठा ग्रंथ छापला, ज्याला आजही जादूगार मानतात. मग १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध आलं. मुलगा युजेन कॅप्टन होता, ऑगस्टमध्ये राइशहोफेनच्या लढाईत जबर जखमी झाला आणि गेला. प्रशियाचं सैन्य ब्लोआपर्यंत आलं तेव्हा कुटुंबाला घराजवळच्या गुहेत लपावं लागलं. १३ जून १८७१ ला न्यूमोनियाने रोबेर-हुदँ गेला, त्याच सँ-जेर्वेमध्ये.

त्याच्या नावाचं पुढे बरंच काही झालं. अमेरिकेत एरिक वाइस नावाच्या तरुणाने त्याच्या आठवणी वाचून हुडिनी हे नाव घेतलं आणि १९०८ मध्ये त्याच हुडिनीने त्याच्यावर तुटून पडणारं पुस्तक लिहिलं, की याचे प्रयोग याचे स्वतःचे नव्हतेच. काही प्रयोगांची मुळं जुनी होती हे खरं, पण हुडिनीच्या त्या पुस्तकात रागच जास्त आहे. थिएटर पॅले-रॉयालमधून आधीच पॅरिसमधल्याच बुलवार दे इतालियँ या रस्त्यावर गेलं होतं, ते १८८८ मध्ये जॉर्ज मेलियेसने, पुढे सिनेमे काढणाऱ्या फ्रेंच जादूगाराने, विकत घेतलं, तिथल्या युक्त्या आणि यंत्रं शिकून घेतली आणि पुढे सिनेमात माणसं गायब करायला लागला. सिनेमातल्या ट्रिक फोटोग्राफीचा इतिहास लिहिणारे मेलियेसपासून सुरुवात करतात, माझ्या मते ती दोन पावलं आधी, त्या छोट्या थिएटरपासून करायला हवी.

ब्लोआमध्ये १९९८ पासून राजवाड्यासमोरच जादूचं संग्रहालय आहे, रोबेर-हुदँच्या वस्तू तिथे बघायला मिळतात, आणि इमारतीच्या खिडक्यांतून अर्ध्या अर्ध्या तासाने यांत्रिक ड्रॅगनची सहा डोकी बाहेर येतात. पोरं ड्रॅगनसाठी थांबतात ते ठीकच आहे, पण तिथे गेलात तर रोबेर-हुदँची घड्याळं आधी बघा.